सायकलीवरची सावकाशी

मराठी माणूस सहलीला निघतो म्हणजे काय करतो, हे आपण सारेच जाणतो. तो स्वतः पहाटे चारला उठतो, मंडळींना साडेचारला उठवतो, पाचला घड्याळ दाखवून ओरडतो आणि दिवस मावळायच्या आत सहा ठिकाणे ‘उरकतो’. हा ‘उरकणे’ शब्द मोठा गमतीचा आहे. लग्नकार्य, जेवणाची पंगत, बाजारहाट आणि सहल, चारही गोष्टी आपण सारख्याच उरकतो, आणि घरी येऊन पाय चेपीत म्हणतो, “चला, एकदाचे झाले!”

ह्या खेपेला सांगायची आहे ती न उरकलेल्या सहलीची हकिकत. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच माणसे पाच सायकलींवरून पामहून बोर्डीला गेलो. सगळे मिळून अंतर पन्नासच्या आसपास किलोमीटर. आमचा एक पुतण्या घट्ट विजार आणि डोक्यावर टोपासारखे काहीतरी घालून दर रविवारी सायकल हाणतो. तो म्हणाला, “काका, मी हे तीन तासांत करतो.” आम्हांला तीन दिवस लागले. ते चार का लागले नाहीत, एवढीच काय ती आमच्या घरात तक्रार आहे.

पाम म्हटल्यावर पुष्कळ वाचकांना नकाशा उघडावा लागेल. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनवर उतरायचे आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने मागे टाकून समुद्राच्या अंगाला यायचे, की आमचे गाव. माझे वडील सायकलीनेच स्टेशनवर जात. तेव्हा दोन्ही अंगांना भातशेती होती, आणि वाटेत त्यांना सर्वांत मोठे वाहन भेटे ते म्हणजे बैलगाडी. त्यांच्या सायकलीची घंटी फार वाजत नसे. मडगार्ड मात्र वाजे, आणि त्यावरूनच आई चुलीवर भाकरी टाकी.

ह्या सहलीचे खूळ आमच्या डोक्यात भरले ते परदेशात. आमचे चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त जर्मनीत स्टटगार्टला असतात. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी आम्हां दोघांना तिकडे नेले आणि एके दिवशी जाहीर केले, “बाबा, आपण सगळे बोडनसेला सायकलीवरून जायचे.” बोडनसे म्हणजे इंग्रजी पुस्तकांतले कॉन्स्टन्स सरोवर. लांबी ६३ किलोमीटर, काठावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश. आल्प्समधून येणारी ऱ्हाइन नदी एका अंगाने त्यात शिरते आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडते. काठाकाठाने पुरा वळसा घातला तर सुमारे २६० किलोमीटर भरतात. हा आकडा ऐकून मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. आमची सौ. मात्र शांतपणे म्हणाली, “अहो, मी बावीस वर्षे शाळेत सायकलीने गेले. त्याचा हिशेब केला तर हे सरोवर केव्हाच पालथे घातले असेल.”

आम्ही आठ दिवस घेतले, आणि दोनदा बोटीत चढून वळसा आखूडही केला. कॉन्स्टन्स आणि मीर्सबुर्ग ह्या समोरासमोरच्या गावांमध्ये १९२८ सालापासून मोटारी वाहून नेणारी बोट चालते. तीत सायकलीसकट चढायचे आणि पाव तासात पलीकडे उतरायचे. कंटाळा आला तर आगगाडीत शिरायचे. तिथे सायकलीला जागा राखलेली. ठिकठिकाणी बाण दाखवणाऱ्या पाट्या, त्यांवर सायकलीचे चित्र. सफरचंदांच्या बागांमधून, द्राक्षांच्या मळ्यांखालून वाट जाते आणि पुष्कळशा भागात मोटारींच्या रस्त्याशी तिचा संबंधच येत नाही. आमची नात तेव्हा आठ वर्षांची होती. ती तीन देशांतून स्वतःच्या पायांनी पायडल मारीत गेली. देशाची हद्द कुठे ओलांडली हे तिला दर वेळी विचारून घ्यावे लागे, कारण वाटेत कोणी अडवीतच नाही. त्यातली एक मौज मला मागाहून कळली. सरोवराच्या मुख्य भागात, पाण्यावर, हद्द नेमकी कुठून जाते ह्याचा करार ह्या तीन देशांनी आजवर केलेलाच नाही. आमच्याकडे दोन भावांना बांधावरचे आंब्याचे झाड वाटून घेता येत नाही!

पण खरे सांगायचे तर मला सरोवराइतकीच, किंबहुना जास्तच, आवडली ती तिथली चाल. आजीआजोबा, लेकुरवाळी जोडपी, सायकलीमागे छोटी गाडी जोडून तीत बाळ निजवलेली आई, सारे आपापल्या गतीने चाललेले. कोणी कोणाच्या पुढे जाण्यासाठी जात नव्हते. सहकुटुंब सायकलस्वारीचा एकच कायदा आहे : सर्वांत हळू जो चालवतो त्याने पुढे राहायचे. आमच्यात ते पुढारीपण माझ्याकडे आले. उभ्या आयुष्यात घरात मिळालेले हे माझे पहिले पुढारीपण, म्हणून मी ते जपून वापरले.

तर गेल्या डिसेंबरात मुलगा, सून आणि नात सुट्टीसाठी पामला आली, तेव्हा नऊ वर्षांच्या त्या पोरीने पहिल्याच सकाळी विचारले, “आजोबा, तुमच्या सरोवराभोवती कधी जायचे?” मी म्हटले, “अगं, हा समुद्र आहे. ह्याला वळसा घालायला निघालीस तर अरबस्तानातून परत यावे लागेल.” ती म्हणाली, “मग एकाच बाजूने जाऊ.” पोरांच्या ह्या असल्या उत्तरांवर मोठ्यांचे पुढे काही चालत नाही.

दोन सायकली घरच्या होत्या, दोन शेजाऱ्यांच्या घेतल्या आणि नातीसाठी एक बोईसरच्या दुकानातून आणली. मग सुरू झाला दिशेचा वाद. मी म्हणत होतो, सायकली टेम्पोत घालून आधी बोर्डीला जाऊ आणि तिकडून दक्षिणेला घराकडे येऊ. कारण हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेला निघालेल्या सायकलस्वाराच्या तो छातीवर बसतो, दक्षिणेला निघालेल्याला पाठीवर थाप मारून पुढे ढकलतो. नातीचे म्हणणे असे की, उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, आणि आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणजे आपण समुद्राच्या कडेला! बोडनसेला तिला हे कोणीतरी शिकवले होते. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून लोक सरोवराभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातात. पाणी सतत आपल्या बाजूला राहते. वारा विरुद्ध पाणी असा हा खटला सौ.पुढे गेला. तिने निकाल दिला : “उत्तरेलाच जायचे, पण सकाळी अकराच्या आत सायकली उभ्या करायच्या. मग तुमचा वारा खुशाल वाहू दे.” सकाळचा वारा जमिनीकडून येतो आणि तोही मंद असतो, हे ती बावीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होती.

पहिल्या सकाळी आमच्याच दारात अडचण उभी राहिली. पामहून तारापूर-चिंचणीकडे जायचे तर कारखान्यांची वाहतूक चुकत नाही. रसायनांचे टँकर, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, मधून मधून रिक्षा. रस्त्याची कड म्हणजे डांबर संपून खडी सुरू होते ती. मोठ्या माणसाला सवयीने जमते. मलाही जमते. पण टँकर जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने सायकल एकदा आत ओढली जाते आणि एकदा बाहेर फेकली जाते, आणि नऊ वर्षांच्या मुलीचे वजन ते काय? सूनबाई काही बोलली नाही; तिने नुसते मुलीच्या सायकलीचे हँडल धरून ठेवले. शेवटी पहिले सहासात किलोमीटर आमची नात आजीबरोबर रिक्षात बसून गेली. दोन्ही सायकली रिक्षाच्या टपावर दोरीने बांधल्या. तीन देश एकटीने पायडल मारून गेलेल्या पोरीला आजोबांच्या दारातून सायकलीने निघता येईना! ती रिक्षातून हात हलवीत होती, तिला मौज वाटत होती. मला वाटत नव्हती.

त्या पट्ट्यातून सायकल चालवताना नाकही बरेच काही सांगते. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण-निर्देशांक काढला, त्यात तारापूरचा क्रमांक सर्वांत वर, म्हणजे सर्वांत वाईट असा होता. आमच्या नवापूरच्या खाडीचे पाणी कसे असते हे मच्छीमारांना मंडळाने सांगायची गरज नव्हती. इथे मला बोडनसेची दुसरी गोष्ट आठवते, ती पाट्यांवर लिहिलेली नसते. ते निळेशार पाणी १९७०च्या दशकात सांडपाण्यातल्या फॉस्फरसने पार बिघडत चालले होते. काठच्या देशांनी १९५९ सालीच सरोवराच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला होता. मग गावोगाव सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारली गेली, आणि ते काम सरकायला काही दशके लागली. आज तेच पाणी सुमारे चाळीस लाख लोक पितात. स्टटगार्टच्या नळांना येणारे पुष्कळसे पाणी तिथलेच. म्हणजे ज्या सरोवराभोवती आम्ही सायकली फिरवल्या, तेच आम्ही मुलाच्या स्वयंपाकघरात पीतही होतो. आपल्याकडे असे का होणार नाही, असे म्हणायला माझी जीभ वळते. पण तिकडे पाणी बिघडवणारा आणि पिणारा एकच होता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

असो. पास्थळ मागे पडले आणि तारापूरच्या वाटेला रहदारी विरळ झाली. नात रिक्षातून उतरली आणि जी सुटली ती माझे पुढारीपण मोडून पुढेच गेली. तारापूर म्हटले की लोकांना अणुवीज केंद्र आठवते. १९६९ साली सुरू झालेले ते देशातले पहिले. पण गाव त्याच्याहून पुष्कळ जुने. पोर्तुगीजांचा इथला किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने झुंजून घेतला. त्याच्या तटाला सायकली टेकून आम्ही पोहे खाल्ले. मुलाने इतिहास सांगायला सुरुवात केली, तेव्हा नातीने विचारले, “त्यांच्याकडे सायकली होत्या का?” इतिहास तिथेच संपला.

खाडीपलीकडे चिंचणी. तिथे सौ.ची मावसबहीण राहते, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न मिटलाच. साडेदहाला आम्ही तिच्या ओसरीवर होतो. “एवढ्यात पोचलात? आणि आज इथेच राहणार?” तिला वाटले, कोणाची तरी तब्येत बिघडली असावी. इतक्या जवळून येऊन मुक्काम करायचा असतो, हेच आपल्याकडे कोणाला पटत नाही. संध्याकाळी तिने अंगणात उकडहंडी लावली. वालपापडी, कोनफळ, रताळी, कांदे मडक्यात भरून, वर पाला दाबून, भोवती जाळ. हिवाळ्यातच ह्या पदार्थाला चव. मडके फोडले तेव्हा जो वास सुटला, तो नाकात घेऊन गल्लीतली आणखी चार मुले आली आणि आमची नात तासाभरात त्यांची पुढारी झाली.

दुसऱ्या दिवशी डहाणू. हा सतरा-अठरा किलोमीटरचा टप्पा मला सर्वांत आवडला, जरी ह्यात समुद्र अधूनमधूनच दिसतो. वरोर, वाढवण अशी गावे. भाजीच्या वाड्या, नारळ, ताड, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. ह्या भागात घरोघर एक निराळाच उद्योग चालतो. सोन्याचांदीचे दागिने घडवण्यासाठी लागणारे पोलादी ठसे इथे खोदले जातात. लोक त्याला डायचे काम म्हणतात. पाणी मागायला आम्ही एका घरी थांबलो, तर खिडकीशी बसलेला एक तरुण डोळ्याला भिंग लावून बोटाएवढ्या पोलादावर वेल कोरीत होता. नात अर्धा तास तिथून हलली नाही. त्याने तिला ठशावर कागद ठेवून, शिसपेन्सिल घासून वेलीची छाप काढून दिली. मोटारीने आलो असतो तर हे घर आम्हांला अर्ध्या सेकंदात मागे टाकता आले असते.

ह्याच वाढवणच्या समुद्रात मोठे बंदर होत आहे. गोष्ट जुनी आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९८ साली न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च सुमारे शहात्तर हजार कोटी रुपये. मच्छीमारांचा आणि ह्या डायवाल्यांचा विरोध; दुसरीकडे नोकऱ्यांची आशा धरून बसलेले तरुणही आहेत. ह्या वादावर बोलण्याचा अधिकार ज्यांची जाळी त्या पाण्यात आहेत त्यांचा आधी. मी सायकलवाला, मी रस्त्याकडे पाहतो. बंदर आले की रस्ते येणार, रुंद येणार, आणि त्यांवर कंटेनर येणार. त्या रुंद रस्त्याच्या कडेला दोन मीटरांची एक पट्टी, मध्ये कठडा घालून, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या सायकलींसाठी ठेवायला शहात्तर हजार कोटींतले किती लागतील? औद्योगिक वसाहत आखताना आमच्या गावाकडच्या रस्त्याला कोणी हे विचारले नाही. इथे अजून विचारता येण्याजोगे आहे. नकाशे कागदावर असतात तोवर पट्टी स्वस्त असते. एकदा डांबर पडले की ती कोणालाच परवडत नाही.

डहाणूला अकराला पाच मिनिटे कमी असताना पोचलो. सौ.ने घड्याळ पाहिले आणि माझ्याकडेही. दुपारी खरेच वारा सुटला आणि पारनाक्याच्या किनाऱ्यावर बसून आम्ही त्याची मजा घेतली.

तिसरा दिवस डहाणू ते बोर्डी. नरपड, चिखले, घोलवड. ह्या रस्त्याला मात्र नातीच्या खटल्याचा निकाल शंभर टक्के लागू पडला. डाव्या हाताला सुरूची झाडे, त्यांच्या पलीकडे समुद्र. उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन नसते तरी सूनबाईने सोळा चिकू खाल्लेच असते. वाड्या पुष्कळशा पारशी-इराणी मंडळींच्या. मला त्यावरून मुंबईचे ते पारशी तरुण आठवले. १९२३ साली सहाजण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे १९२८ साली ती पुरी करून परत आले. वाळवंटे, बर्फ, जंगले, काही सोडले नाही. मोठी माणसे! पण त्यांच्याबरोबर सासू, सून आणि नऊ वर्षांची मुलगी नव्हती, हे लक्षात घेऊन मी त्यांचे कौतुक थोडे बेताने करतो.

बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालवाडीचे काम सुरू केले. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुलांना त्यांच्या गतीने जाऊ द्यावे, हे ह्या दोघींनी आयुष्यभर सांगितले. ओहोटीला बोर्डीचा समुद्र पार दूर जातो आणि मागे सपाट, घट्ट वाळू ठेवतो. त्या वाळूवर आमची नात दोन तास एकटी सायकल चालवीत होती. आठाचे आकडे, गोल, मोठे गोल. सूनबाईने पहिल्यांदा तिच्याकडे पाठ करून चहा घेतला. पाम सोडल्यापासून तीन दिवसांत मी तिला असे बसलेले पाहिले नव्हते.

परतीला सायकली ओळखीच्या एका चिकूच्या टेम्पोत घातल्या आणि आम्ही डहाणू रोडहून लोकलने बोईसरला आलो. २०१३ पासून लोकल तिथवर येते, हा आमच्या भागाला मोठाच आधार.

कोणा वाचकाला जायचे असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पहाटे नव्हे, उजाडल्यावर निघा. भरती-ओहोटीची वेळ कोळीवाड्यात विचारा. ती रोज सुमारे पाऊण-एक तासाने पुढे सरकते, काल पाहिलेली आज चालत नाही. वाळूवर सायकल नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्या, नाहीतर आठवड्यात गंज चढतो. पंप, सोल्यूशन आणि जुन्या ट्यूबचे दोन तुकडे बरोबर असू द्या, जरी पंक्चरवाला दर दोन गावांआड भेटतो. लहान मूल असेल तर सरळ तारापूरहून सुरुवात करा.

येत्या नाताळात केळव्याला जायचे ठरत आहे. ते दक्षिणेला आहे, म्हणजे वारा पाठीवर आणि समुद्र पलीकडच्या बाजूला. नातीचे पत्र आले आहे. तिने खटला पुन्हा दाखल केला आहे.